आपल्याच शेडची पावडर

कचेरीत जाताना चेहऱ्याला काय लावावं, हा प्रश्न आमच्या आईच्या पिढीला पडलाच नाही. निपाणीच्या आमच्या घरात आरशाखालच्या फळीवर तीनच वस्तू असत. पावडरचा डबा, कुंकवाचा करंडा आणि काडिगेची डबी. काडिगे घरचीच. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरायची आणि तिच्यावर जमलेली काजळी खरवडून तुपात खलायची. अव्वा शाळेत शिक्षिका होती, पण तिची तयारी पाच मिनिटांत आटपायची. आम्ही मुली आरशापुढे जरा जास्त रेंगाळलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "मारी तोळको, कुंकुम हच्को, साकु!" तोंड धू, कुंकू लाव, पुरे. अप्पा मराठीत लाड करायचे आणि अव्वा कानडीत रागवायची. आपल्याकडच्या वाचकांना हे काही वेगळं समजावून सांगायला नको.

लग्न होऊन मी २००१ साली सुरतेत, उधन्याला आले. आमचे हे पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाईंग मास्तर. म्हणजे लूमवरून आलेल्या पांढऱ्या 'ग्रे' कापडाला पार्टीनं मागितलेला रंग देणं हे त्यांचं काम. उधना म्हटलं की यंत्रमागांची खडखड, कापडाचे तागे वाहणारे टेम्पो आणि रेल्वेचं जंक्शन. ताप्तीकाठची लाइन इथूनच नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाते, आणि तिच्यावरून दोन-तीन पिढ्यांपासून खानदेशातली कुटुंबं इकडे येत आली आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरताना गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. शेजारी तेलुगू, उडिया, उत्तर प्रदेशातली माणसं. त्यामुळे माझ्या कानडीचं इथं कुणाला नवल वाटलं नाही.

आमच्या गल्लीतल्या बायका घरबसल्या साड्यांचं काम करतात. कुणी टिक्या-खडे चिकटवतं, कुणी धागे कापतं, कुणी लेस लावतं. नगावर पैसे. हजारो साड्या त्यांच्या मांडीवरून गेल्या, पण सजण्याशी त्यांचा संबंध तेवढाच. त्यांच्या मुली मात्र आता पदवी घेऊन कचेऱ्यांत जायला लागल्या आहेत. कापड मार्केटमधलं अकाउंट, दवाखान्याचं काउंटर, बँकेची कामं, कुरिअरची ऑफिसं. घरातली कचेरीत जाणारी पहिलीच बाई असली की तिला विचारायला कुणी नसतं. मी चौदा वर्षं एका खाजगी ऑफिसात काउंटरवर बसते आहे, म्हणून गल्लीतल्या मुली मला विचारतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शेजारची मोठी मुलगी अशीच आली. बी. कॉम. झालेली, हुशार, टॅली येणारी. एका खाजगी कंपनीत मुलाखत छान झाली, फ्रंट ऑफिसची जागा मिळाली. निघताना तिथल्या साहेबांनी सांगितलं, "सोमवारथी आवजे, पण थोडी प्रेझेंटेबल थईने." तिच्याबरोबर निवडलेल्या मुलाला काय सांगितलं? तर दाढी करून ये. बस. मला विचाराल तर नेमणुकीच्या पत्रात जे लिहिलेलं नाही ते चेहऱ्यावर मागण्याचा कुणालाच हक्क नाही, आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. काही न लावता गेलीस तरी तुझं कोणी काही वाकडं करणार नाही, असंही म्हटलं. ती म्हणाली, "काकी, मलाच आवडेल थोडं. पण मला येत नाही, आणि मी काळी आहे."

'प्रेझेंटेबल' या शब्दाचा तिनं सरळ 'गोरी' असा अर्थ लावला होता. तसा तो लावायला आपण सगळ्यांनीच तिला शिकवलं आहे. गोरं करण्याचं वचन देणारं सर्वांत खपाचं क्रीम आपल्याकडे १९७५ पासून विकलं जातं. त्याच्या नावातला 'फेअर' २०२० साली काढला, पण लग्नाच्या जाहिरातींतून तो शब्द काही गेलेला नाही.

तिनं पिशवीतून खरेदी काढून माझ्या पलंगावर मांडली. गुलाबीसर पांढरा कॉम्पॅक्ट, टोमॅटोसारखी लाल लिपस्टिक आणि 'सात दिवसांत फरक' असं लिहिलेली क्रीमची डबी. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. ती डबी मी तिथल्या तिथे बाजूला काढली. मैत्रिणींनो, एवढी एक गोष्ट तरी तुमच्या मुलींना जरूर सांगा. झटपट गोरं करणाऱ्या अशा काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून आठवड्यात फरक दिसतो हे खरं. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर बसतो. पायांना सूज, लघवीला फेस, आणि मग दवाखान्याच्या चकरा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना मूत्रपिंडाचे असे रुग्ण सापडले आणि चौकशी केली तर मुळाशी क्रीमच निघालं. वेष्टनावर 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' असा शब्द दिसला तर ती डबी घरात नको. काही लिहिलेलंच नसेल तर मुळीच नको. दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. इसबासाठी असलेली ही मलमं मुली गोरं व्हायला महिनोन्महिने चोळतात. त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतं, चेहऱ्यावर लव वाढते. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी गल्लीच्या मेडिकलमध्ये ती सहज मिळतात हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे.

मग तिनं तो कॉम्पॅक्ट लावून दाखवला. चेहरा राखेसारखा करडा दिसायला लागला आणि गळ्यापाशी सरळ सीमारेषा उमटली. सीमारेषेचं दुःख आपल्याला काय सांगायचं! तिलाही ते आरशात दिसलं आणि डोळे भरून आले. नेमके तेव्हाच आमचे हे चहा प्यायला घरात आले. एरवी बायकांच्या बोलण्यात ते पडत नाहीत, पण रंगाचा विषय निघाला की राहवत नाही. म्हणाले, "पोरी, तू शेड चुकीची उचललीस, आणि तीही ट्यूबलाइटखाली."

पुढचं जे सांगितलं ते मी चोवीस वर्षं त्यांच्या तोंडून ऐकते आहे, पण चेहऱ्याला कधी लावून बघितलं नव्हतं. पार्टी कापडाचा एक तुकडा पाठवते, की असा रंग द्या. आधी लॅबमध्ये छोट्या चिंधीवर तो रंग काढून बघतात, त्याला 'लॅब डिप' म्हणतात. तो मूळ तुकड्याशी जुळतो की नाही हे साध्या दिव्याखाली कोणी ठरवत नाही. त्यासाठी एक पेटी असते, तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा उजेड देणारी ट्यूब असते, तिला 'डी ६५' म्हणतात. शिवाय त्याच पेटीत दुकानातल्या ट्यूबचा आणि पिवळ्या बल्बचा उजेडही असतो. कारण दोन कापडं एका उजेडात अगदी जुळी बहिणी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात परकी. रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असले की हे होतंच. "आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "पार्टीनं चॉकलेटी मागितला तर मास्तर त्याला बदामी करून देत नाही. बदामी कितीही सुंदर झाला तरी माल परत येतो." चहाचा कप ठेवून ते निघून गेले.

नैसर्गिक मेकअप म्हणतात त्याचा गाभा एवढाच आहे, असं मला वाटतं. रंग सुधारायचा नाही, जुळवायचा. त्या मुलीला घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उधना मेन रोडच्या एका दुकानात गेले. पावडर किंवा फाउंडेशन मनगटावर लावून बघतात ते चूक. हाताचा रंग वेगळा, तोंडाचा वेगळा. जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा आणि मान मिळतात तिथे, तीन छटांच्या तीन बारीक रेघा ओढायच्या आणि दुकानाच्या बाहेर उजेडात यायचं. जी रेघ शोधावी लागते ती आपली. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं, कारण घाम आणि तेल लागलं की काही छटा गडद होतात. दुकानदार दोनदा म्हणाला, "बेन, आ एक नंबर लाइट लो, खिलशे." आम्ही दोन नंबर डार्क घेतली. आपल्या बहुतेकींच्या कातडीत थोडी हळद असते, म्हणजे पिवळसर झाक. तिच्यावर गुलाबी छटा बसवली की ती राखेसारखी दिसते. त्यामुळे पिवळ्या-सोनेरी झाकेची छटा मागावी. पूर्वी मी घ्यायला जायची तेव्हा काउंटरवर दोन-तीनच छटा दाखवायचे, त्याही सगळ्या उजळ. आता निवड पुष्कळ आहे, मागायचं धैर्य हवं.

इथं थोडं विषयांतर. आपल्या देशात मध्यमवर्गीय बाईनं उघडपणे प्रसाधन घ्यावं ही गोष्टच तशी नवी. १९५२ साली टाटांच्या तेल कंपनीनं लॅक्मे सुरू केली, तेव्हा चांगली प्रसाधनं परदेशातून यायची आणि परवडायची नाहीत. हे नाव 'लक्ष्मी'चंच फ्रेंच रूप, एका ऑपेराच्या नावावरून घेतलेलं. पुढे १९६१ साली सिमोन टाटा कंपनीच्या कारभारात आल्या. मूळच्या स्वित्झर्लंडच्या या बाईंनी ती घराघरांत पोचवली. अव्वाच्या पेटीत तळाशी एक लिपस्टिक होती, हे मला ती सेवानिवृत्त झाल्यावर कळलं. अप्पांनी मुंबईहून आणलेली. लावली कधी, हे तिनं सांगितलं नाही.

आता प्रत्यक्ष लावायचं काय? फार नाही. चेहरा धुऊन साधं मॉइश्चरायझर. उधन्याच्या दमट हवेत जेलसारखं हलकं पुरतं. तुमच्याकडे बेळगावच्या डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत मात्र जरा दाट लागेल, नाहीतर वरची पावडर पोपडे धरते. त्यावर सनस्क्रीन, एस.पी.एफ. ३० तरी हवं. हे गोरेपणासाठी नाही, वांग आणि काळे डाग वाढू नयेत म्हणून. मग कन्सीलर, पण सगळीकडे नाही. डोळ्यांखाली आणि एखाद्या मुरुमाच्या डागावर मुगाच्या दाण्याएवढा ठिपका ठेवायचा आणि अनामिकेनं थोपटायचा. अनामिकाच का, तर तिचा दाब सर्वांत हलका पडतो. ब्रशबिश सुरुवातीला काही नको, बोटाच्या उबेनं ते छान मुरतं. फाउंडेशन मी तिला घेऊच दिलं नाही. बावीस वर्षांच्या कातडीला रोज काय झाकायचं आहे? कपाळ, नाक, हनुवटी, जिथे तेल सुटतं तेवढ्यावर जुळलेल्या छटेची पावडर, चोळून नाही, दाबून. भुवया जुन्या स्वच्छ टूथब्रशनं वर विंचरायच्या. काजळ (इथं गुजरातीत त्याला मेश म्हणतात) फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक. खालच्या कडेला लावलं की दुपारपर्यंत गालावर उतरतं आणि माणूस आजारी दिसतो.

लिपस्टिकची निवड सर्वांत सोपी आणि सर्वांत चुकणारी. आपल्या ओठांचा जो रंग आहे, त्याहून एक पायरी गडद. सावळ्या मुलींना विटकरी, दालचिनी, फिकट जांभळासारख्या छटा शोभतात. फिका गुलाबी लावला की ओठ चुना लावल्यासारखे दिसतात. कांडी थेट ओठावर न फिरवता बोटानं थोपटून लावली तर कडा मऊ राहतात आणि जेवणानंतर अर्धवट पुसली तरी वाईट दिसत नाही. तिची टोमॅटो लिपस्टिक मी परत दिली. लग्नात लाव म्हटलं, तिथे ती शोभेल.

एक गोष्ट मात्र पुस्तकी सल्ल्यांत सापडत नाही. सुरतेत मुली मोपेडवर जाताना डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीनं बांधतात. ऊन, धूर, मागावरची रुई, सगळ्यापासून बचाव. पण घरी केलेली सगळी नक्षी त्या ओढणीला लागते. म्हणून घरून सनस्क्रीन, कन्सीलर आणि काजळ एवढंच करून निघायचं. पावडर आणि ओठ ऑफिसात पोचल्यावर, बाथरूमच्या आरशात, दोन मिनिटांत. घामावर पावडर थापायची नाही. आधी टिशू किंवा रुमाल हलका दाबून घाम टिपायचा.

टिकलीचा प्रश्न तिनंच काढला. ऑफिसात लावायची की नाही? मी म्हटलं, तुला आवडते तर लाव, मी रोज लावते. फक्त एकाच जागी रोज तीच चिकटणारी टिकली लावून काही जणींना पांढरा डाग पडतो, त्या डिंकातल्या एका रसायनामुळे. खाज आली की ती टिकली बंद करायची. रात्री काढून ठेवायची.

आणि थांबायचं कधी? मी तिला अव्वाचा शब्द दिला, साकु. तिला कानडी येत नाही, पण हा शब्द तिला फार आवडला. आरशापासून दोन पावलं मागे जायचं. चेहरा आधी दिसला तर साकु. लिपस्टिक आधी दिसली तर पुसायची.

खरी परीक्षा पुढेच होती. तिची आई. रविवारी संध्याकाळी त्या साड्यांचा गठ्ठा सोडत बसल्या होत्या, बोटांच्या टोकांवर खड्यांचा डिंक वाळलेला. लेकीच्या हातातली लहानशी पिशवी पाहून म्हणाल्या, "हाई कसाले जोयजे?" हे कशाला हवंय? आवाज रागाचा नव्हता, घाबरल्याचा होता. गल्लीत चार घरं टपलेली असतात. मुलगी नोकरीला लागली की काय बोलतात आणि मुलगी नटून नोकरीला निघाली की काय बोलतात, हे त्यांनी इतरांच्या मुलींबद्दल ऐकलेलं होतं. पाव्हणे बघायला येतील तेव्हा त्याच गोष्टी पुढे येतील. ती भीती खोटी नाही. "ताई, आजकाल सगळ्याच लावतात" असलं उत्तर देऊन तिची बोळवण करणं मला पटलं नाही.

मी लेकीला आत पाठवलं. सात मिनिटांनी ती बाहेर आली आणि आईपुढे उभी राहिली. मी विचारलं, "ताई, सांगा, काय लावलंय?" त्यांनी तिला दारात उजेडाकडे वळवलं, हनुवटी धरून डावी-उजवी केली. मळलेला तागा तपासावा तसं बघितलं. बराच वेळ गेला. "झोप चांगली झालेली दिसते," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खड्यांकडे वळल्या. थोड्या वेळानं, मान वर न करता, "रंग तोच आहे ना गं तिचा?" मी म्हटलं, तोच. "मग ठीक."

सोमवारी ती गेली. ऑफिसात कुणी काही म्हटलं नाही, आणि तिला तेच हवं होतं. पंधरा दिवसांनी त्याच साहेबांनी तिला काउंटरवरून उठवून हिशेबाच्या टेबलावर बसवलं. टॅलीमुळे, पावडरमुळे नाही. ती मात्र अजून रोज लावते. मी फोनवर अव्वाला हे सगळं सांगितलं, मुलीचा फोटोही पाठवला. ऐंशी ओलांडलेली अव्वा चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "चंद काणस्ती अंत हेळु." छान दिसतेस म्हणून सांग तिला.

रात्रीचं तेवढं राहिलं. खोबरेल तेलाचे चार थेंब हातावर चोळून चेहऱ्यावर फिरवायचे, कापसानं पुसायचं, मग साबण किंवा फेसवॉश. मुरुमं येणाऱ्यांनी तेलाऐवजी मायसेलर वॉटर वापरावं. काजळ अंगावर ठेवून झोपायचं नाही. काजळ-मस्कारा उघडल्यावर तीन-सहा महिन्यांत टाकायचा, आणि दुसऱ्याला द्यायचा नाही. डोळे येण्याची साथ असली की एका कांडीतून सगळ्या बहिणींचे डोळे येतात. तिची धाकटी बहीण आत्ताच त्या काजळावर टपून आहे, म्हणून तिला वेगळी कांडी घेऊन दिली.

मे महिन्यात त्यांच्याकडे अमळनेरला लग्न होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई माझ्याकडे आल्या. हातात लेकीची पावडर. "जरा बघा बरं," म्हणाल्या, "माझ्या गालावर ही करडी दिसते." दिसत होतीच. लेक त्यांच्याहून एक छटा उजळ. मी पर्स घेतली, आणि ऊन असताना दुकान गाठायला आम्ही दोघी निघालो.